पाण्याकडे तोंड केलेला वाटा

५ फेब्रुवारी, करडी

आले बाई एकदाची. वरठीहून बाबांच्या मोटारसायकलवर. मागे गादीची वळकटी, मांडीवर बाबासाहेबांची तसबीर, आणि दर खड्ड्याला बाबांची माफी. "माफ कर रतू, दिसलाच नाही." चौदा खड्डे मोजले, मग सोडून दिलं.

मच्छीमार संस्थेची सचिव म्हणून आज रुजू झाले. पगार बारा हजार, ऑफिसला लागूनच राहायला खोली, मागच्या खिडकीतून तलाव दिसतो. एम.कॉम. होऊन तीन वर्षं घरी भाकऱ्या थापल्यावर मला तर ही कलेक्टरकीच वाटतेय.

नोकरी लिलाधरभाऊंनी दिली. संस्थेचे अध्यक्ष तेच, जिल्हा परिषदेवर तीनदा निवडून आले, आता आमदारकीची तयारी. बाबांनी वीस वर्षं त्यांच्यासाठी भिंतींवर प्रचाराच्या घोषणा रंगवल्या. बाबांच्या हृदयाचं ऑपरेशनही भाऊंनीच करवलं, त्यामुळे घरी भाऊंबद्दल वाकडा शब्द चालत नाही. ऑफिसात त्यांचा भला मोठा फोटो आहे, परदेशातल्या मत्स्य अभ्यास दौऱ्याचा. शेजारी हसणाऱ्या माणसाला अर्धा कानच नाही. माशाने खाल्ला असेल म्हटलं, तर बाबा रागावले.

निघताना म्हणाले, "भाऊ सांगतील तिथं सही करजो. माझं नाव राख." रतू मला फक्त तेच म्हणतात. बाकी जगाला मी रत्नमाला.

९ फेब्रुवारी

आज भाऊ स्वतः आले, समोर बसून चहा घेतला, म्हणाले तू मले पोरीसारखी. सभासद हयात आहेत असं सचिवाने बँकेला दरवर्षी लिहून द्यायचं असतं. प्रत्येक कागदावर छापलेलं होतं, 'सभासद माझ्यासमोर हजर होता.' मी विचारलं, कुठे आहेत सगळे? भाऊ हसले, म्हणाले ते पाण्यात हायेत, त्यांना इथं कायले बसवू? मीही हसले आणि बासष्ट सह्या ठोकल्या. हात दुखतोय.

आधीच्या सचिवाला, मंगेशला, नागपूरला मोठी नोकरी लागली म्हणे. एवढ्या घाईत गेला की शर्ट खुंटीवरच राहिला. निळा, चौकटीचा. कुणी आलं तर पाठवून देईन.

१७ फेब्रुवारी

आज तलावात मोठं जाळं टाकलं. रोहू, कतला, मरळ, नुसती झुंबड. मग पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, पळसाची पानं मांडून वाटे पडले, एका सभासदाला एक. वाटे घालण्याचा मान शकुनबाईचा. साठीची बाई, पण हात तराजूसारखा. वाट्याच्या टोकाला नावाची चिठ्ठी, वर खडा.

वाटे एकेचाळीसच. मी सह्या केल्या बासष्ट.

सगळ्यात शेवटी तिने एक वाटा वेगळा घातला. बाकी माशांची तोंडं गावाकडे, याची पाण्याकडे. वर्षभरात मेलेल्याचा वाटा असाच घालतात, तो कुणी घरी नेत नाही, पाण्यातच सोडतात. कोणाचा, विचारलं. मंगेशचा, म्हणाली. दिवाळीच्या आधी याच तलावात सापडला.

मी म्हटलं, तो तर नागपूरला आहे. तिने तो वाटा उचलून पाण्यात सोडला.

मग तिचा नवरा तुलाराम कुठे, तेही विचारलं, कारण यादीत पहिलं नाव त्याचं. त्याला जाऊन सहा वर्षं झाली. आणि मी लिहून दिलंय की तो माझ्यासमोर हजर होता.

२० फेब्रुवारी

सांगलीहून एका निवृत्त मास्तरीणबाईंचा फोन. खोट्या पोलिसांनी तीन दिवस व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवलं, अटकेची भीती घातली आणि अठरा लाख काढून घेतले. पैसे तुलारामच्या खात्यात गेलेत, खात्यावर पत्ता संस्थेचा, म्हणून फोन इथे. रडत विचारत होत्या, कसा माणूस आहे हो हा तुलाराम?

त्यांचा नंबर वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतला.

सभासदांच्या खात्यांचे बँकेचे कागद काढले. मेलेले एकवीस. एकवीस खात्यांत देशभरातून लाखो रुपये येतात आणि त्याच दिवशी निघून जातात. सगळी एटीएम कार्डं भाऊंकडे.

२२ फेब्रुवारी

पेपरात अर्ध्या कानाचा माणूस. तोच. म्यानमारच्या सीमेवर तळ ठोकून असे फोन करवणाऱ्या टोळीचा म्होरक्या. आपल्याकडची पोरं तिथे डांबून ठेवतो. आणि आमच्या भिंतीवर भाऊंचा हात त्याच्या खांद्यावर.

म्हणजे भाऊंच्या प्रचाराच्या गाड्या या पैशावर. बाबांचं ऑपरेशनही? भाऊंची सही कुठेच नाही. आधी मंगेशची होती, आता माझी.

अंगाची आग होतेय. बाबांना फोन केला, सगळं सांगितलं. उद्या दुपारच्या एसटीने कागद घेऊन भंडाऱ्याला पोलिसांकडे जाते म्हटलं.  बाबा म्हणाले, मी येतो, तोवर हलू नको. कागद कुठं ठेवले?

तांदळाच्या डब्यात, म्हटलं.

२३ फेब्रुवारी, सकाळ

नळावरून पाणी घेऊन आले. डब्याचं झाकण नीट लावलेलं. तांदूळ तसेच. कागद नाहीत.

एकाच माणसाला सांगितलं होतं मी. एकाच.

दुपार

भाऊंचा फोन. गोड आवाज. बाबांच्या तब्येतीची काळजी घे म्हणाले. एसटी गेली. रस्त्यावर त्यांची जीप उभी आहे.

तीन वाजता

आज जाळं टाकलेलंच नाही. सगळी जाळी वाळत पडलीत. तरी उंबऱ्यात पळसाचं पान. वर एक रोहू. तोंड पाण्याकडे.

शकुनबाई मागे जाळं विणत बसलीय. खिडकीतून विचारलं. म्हणाली, मी नाही ठेवला, पोरी. 

खड्याखाली चिठ्ठी. 'रतू'.

हे नाव इथे कुणाला माहीत नाही. आणि अक्षर — वरठीच्या प्रत्येक भिंतीवर आहे हे अक्षर. वीस वर्षं पाहतेय. बाबा, तुम्ही लिहिलं? की तुमच्याकडून लिहून घेतलं? लिहून घेतलं असेल तरी — लिहिलंच ना तुम्ही —

मोटारसायकल. आवाज ओळखीचा. मागे जीप —

दार वाजतंय. भाऊ सोबत हायेत, भिऊ नको, बाबा म्हणतात. निळा शर्ट अजून खुंटीवर —

वही आता खिडकीतून शकुनबाईकडे टाकणार. बाई, सांगलीच्या मास्तरीणबाईंचा नंबर शेवटच्या पानावर —

बाबा रडतायत. माफ कर रतू, माफ कर रतू — खड्ड्यांवर म्हणत होते तसंच — आणि दाराची कडी बाहेरून उचकटतायत —