मोहफुलं चावणारा पहारेकरी

आणि ती मोहफुलं, आबाजी? ती तेवढी गोष्टीतून काढायला विसरले तुम्ही.

आपल्या मुर्री गावी अंगणात तुम्ही खाटेवर, मी खाली, आणि तुमची गोष्ट चालू. एकाहत्तरच्या लढाईत तुम्ही पाकिस्तानात कैदी होते, आणि तिथला एक पहारेकरी लई हरामी. "खिशातून मोहफुलं काढून चावून रायला होता साला. माह्या घरची चिठ्ठी हातात धरून म्हणे, उद्या देतो. रोज उद्या!" तुमचे डोळे भरून यायचे आणि मी तुमच्या मांडीवर डोकं ठेवून रडायची. सातवीत हीच गोष्ट मी इंग्लिशमध्ये स्पीच म्हणून बोलली. पहिला नंबर आला. कप तुम्ही स्वतःच्या हातानं शोकेसमध्ये ठेवला. तेव्हा तरी लाज वाटली का?

तुम्ही गेले त्याला दहा वर्षं झाली. आता गावच्या शाळेला तुमचा फोटो हॉलमध्ये लावायचा आहे. खालचा मजकूर माझ्याकडे, कारण लढाईचं वेड घरात मलाच. मी खूश होऊन तिरोड्याला गेली, तुमच्या पलटणीतल्या म्हाताऱ्याकडे. फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं आणि विचारलं, कैदेत आबाजी कसे राहायचे?

तो हसतच सुटला. "कैदी? कोण, तुझा आजा? अवं पोरी, त्यांचे कैदी आपल्या छावणीत होते. आमी दोघं पहाऱ्यावर. थैलीभर मोहफुलं आणाचा घरून, पण आमाले एक देईन तं शप्पथ!"

मी रेकॉर्डिंग तिथंच बंद केलं.

म्हणजे तो हरामी तुम्हीच. रडणारा दुसराच कोणी होता, आणि तुम्ही त्याची चिठ्ठी तर ठेवलीच, त्याचं रडणंसुद्धा उचलून घरी आणलं. तेच मला पाजलं. पाकिस्तानात मोहाची झाडं कुठून आली, हे आपल्या घरात एकालाही सुचलं नाही.

घरी येऊन तुमची लोखंडी पेटी उघडली. तुम्ही "तिकडची आठवण" म्हणून दाखवायचे ना, ती उर्दू चिठ्ठी काढली. त्या कैद्याच्या हातात पडली असती तर आपल्या पेटीत कशाला राहिली असती? बाबांना म्हटलं, गोंदियात कोणाकडून तरी वाचून घेऊ. बाबा चिडले, "काऊन? आबाजीनं लई भोगलं. आता कायले उकरून राहिली?"

मी चिठ्ठी घेऊन माझ्या खोलीत आली. खरं सांगते, मलाच भीती वाटते. वाचून घेतली की त्याचं नाव कळेल, चिठ्ठी लिहिणारी कोण ते कळेल. पंधरा दिवस झाले, ती माझ्या ड्रॉवरमध्ये पडून आहे. हे पत्रही तिच्याच खाली ठेवते. आज सकाळी शाळेतून परत फोन आला, मजकुराचं काय झालं. मी म्हटलं, सर, उद्या देते.

तुम्हाला काय वाटतं आबाजी, फोटोखाली काय लिहू?