कुटुंबातर्फे सही

इलोइलो, ४ मार्च १९९२

ती. फाउस्तो मामांस,
सा. न. वि. वि. गुडघा कसा आहे? आई म्हणते, कर्नल होऊन निवृत्त झाला तरी बहीण रागावल्याशिवाय औषध घेत नाही.

काल सेल्सोची नवव्या दिवसाची प्रार्थना झाली. छावणीचा कागद म्हणतो, लेफ्टनंटसाहेब पिस्तूल साफ करत होते, चुकून गोळी सुटली. शवपेटी उघडू नका असा हुकूम होता. आईनं ऐकलं नाही. माझ्या पोराला अंघोळ घातल्याशिवाय पाठवणार नाही म्हणाली. जखम मानेच्या मागे होती, मामा. मानेमागे धरून कुणी पिस्तूल साफ करतं का?

तो गेला त्याच आठवड्यात त्याचं मला पत्र आलं होतं. कोठारातल्या रायफली मोडीत दाखवून बाहेर विकतात, सही खुद्द जनरलची असते, मी वर तक्रार केली आहे, असं लिहिलंय. हे जनरल तुमच्या हाताखाली शिकले. तुम्हीच विचारा.

तुमची भाची,
पुरिता

मनिला, १२ मार्च

चि. पुरितास,
अ. उ. आ. जनरलना भेटलो. उठून खुर्ची दिली, सेल्सोचं नाव काढताच डोळे पुसले. म्हणाले, सर, चौकशी मी स्वतः करतो, फक्त ते पत्र हवं, आणि मूळच हवं. रजिस्टरनं पाठव. वर्तमानपत्रवाल्यांकडे जाऊ नकोस. ताईला धीर दे.

मामा

इलोइलो, १८ मार्च

ती. मामांस,
सा. न. पत्र सोबत आहे. आई नको म्हणत होती, तोही त्यांच्यातलाच म्हणाली. मी भांडले तिच्याशी. सख्खा भाऊ आहे तुझा, म्हटलं. जपा, सेल्सोचं अक्षर एवढंच उरलंय.

पुरिता

मनिला, २९ मार्च

चि. पुरितास,
अ. उ. आ. पत्र मी त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी माझ्यादेखत खणात टाकलं, आणि आता म्हणतात, असं पत्र आलंच नाही. निकाल अपघाताचा लागला. कुटुंबाला मान्य आहे अशी सही हवी होती, ती मी केली. माझा आर्सेनियो त्यांच्याच हाताखाली कॅप्टन आहे. सहीआधी त्यांनी सहज विचारलं, आर्सेनियो बरा आहे ना? मी काय करायला हवं होतं, तूच सांग. लोभ सोडू नकोस.

मामा

इलोइलो, ६ एप्रिल

कर्नल फाउस्तो यांस,
सेल्सोची चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना झाली. आईनं प्रार्थना थांबवली आणि उभं राहून सगळ्यांना सांगितलं, गोळी कुठे लागली आणि कागदावर सही कुणाची आहे. पाद्रींनी पुस्तक मिटलं. शेजारी न जेवताच उठले, आपल्यालाही मुलं आहेत म्हणाले.

मग ती मला म्हणाली, त्याला लिही, आर्सेनियोसाठीही मी रोज मेणबत्ती लावते. माझा गेला म्हणून त्याचा जावा असं मला वाटत नाही. पण त्यानं एका शब्दानं मला विचारायला हवं होतं. विचारलं असतं, तर मीच म्हटलं असतं, कर सही.

हे तिचं मन. माझं तेवढं मोठं नाही. उत्तर पाठवू नका.

पुरिता