दुसऱ्या तारखेचे पत्र

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, शिक्षण मॅट्रिक, काम घरकाम, असे लिहून ठेवते की देवाच्या कृपेने माझे डोके ठिकाणावर आहे. लिहिते ते माझ्या मनाने, कोणाच्या धाकाने नव्हे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर, दोन खोल्या आणि मोरी, माझ्या नावावर आहे. ते सर्वस्वी लेकीला. तिच्या नवऱ्याचा त्यावर कसलाही हक्क नाही. कायद्याने तो अजून माझा जावई आहे, म्हणून हे वाक्य वकीलबाईंनी मुद्दाम घालायला लावले.

२. बँकेतली ठेव मुलाला. घर मिळाले नाही म्हणून त्याने रुसू नये.

३. मोठे पातेले माझ्या जावेला. "लेक माहेरी बसली" असे ती चारचौघांत म्हणाली, ते मी विसरलेले नाही. पण पातेल्याला पोचा तिनेच पाडला आहे, तेव्हा तिलाच द्यावे.

४. हे कलम लिहायला मला तीन दिवस लागले. अकरा वर्षांपूर्वी लेक आणि जावई यांनी संमतीने घटस्फोटाचा अर्ज केला. मला वाटले, सह्या झाल्या म्हणजे संपले. तसे नसते. सहा महिने विचाराला देतात, मग दोघांनी पुन्हा न्यायाधीशांपुढे उभे राहून सांगायचे की आमचे ठरले आहे. वकिलाने दुसरी तारीख पत्राने कळवली. त्यात स्पष्ट होते की एक जरी गैरहजर राहिला तरी अर्ज पुढे चालणार नाही. माझे शिक्षण हे वाक्य वाचण्यापुरते उपयोगी पडले.

पत्र मी देवाच्या तसबिरीमागे ठेवले. लेकीचा संसार मोडू नको, असे देवाला म्हटले, आणि त्याची वाट न पाहता मीच ते काम केले. सहा महिने तिला विचार करायला होते. तिचा विचार मी केला.

जावई कोर्टात दिवसभर थांबून परत गेला. अपमान झाला म्हणून पुढे नव्या अर्जावर सहीच देईना. लेकीने टपालवाल्याला जाब विचारला. तो म्हणाला, "ताई, मी पत्र आईंच्या हातात दिलं." ती त्याला खोटारडा म्हणाली, कारण मी शेजारी गप्प उभी होते.

पुढे चष्म्याच्या दुकानात तिच्याबरोबर काम करणाऱ्या एका भल्या माणसाने तिला मागणी घातली. दोन वर्षे थांबला, मग त्याचे दुसरीकडे जमले. लेक म्हणाली, नशीब. मी भांडी घासत राहिले.

५. कपाटातली नवी शाल त्या टपालवाल्याला द्यावी आणि तो खरे बोलला होता असे सांगावे. तो दिसला की मी आजही रस्ता बदलते.

६. आता लेकीने एकटीने, त्याने दिलेल्या त्रासाचे कारण देऊन, घटस्फोटाचा अर्ज केला आहे. जावई म्हणतो, ही त्या तारखेला आपणहून आली नाही, म्हणजे हिने मला माफ केले होते. खरे काय ते मला एकटीला माहीत. हे माझ्यामागे वाचले जावे असा माझा बेत होता. वकीलबाई म्हणाल्या, "आजी, कागदाची उलटतपासणी घेता येत नाही. साक्षीच्या पिंजऱ्यात तुम्हीच हव्यात." माझ्या छातीच्या दुखण्यावर डॉक्टर फार लांबचे बोलत नाहीत.

म्हणून सही करण्याआधी, आज सकाळी, हे कागद आणि ते पत्र मी लेकीच्या हातात दिले. तिने चौथे कलम दोनदा वाचले. पत्रातली कोर्टाची तारीख पाहिली.

"आई, त्या दिवशी मी घरातच होते. आपण दोघींनी गाद्या उन्हात टाकल्या होत्या."

तिने चपला घातल्या. दारातून म्हणाली, "मंगळवारी कोर्टाची तारीख आहे, दहाला तयार राहा." या वेळी "आई" म्हणाली नाही.

७. ती माझ्याशी बोलो वा न बोलो, पहिले कलम कायम आहे.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.

लिहून देणार: (सही)
साक्षीदार: १. तळमजल्यावरचे शिंपीकाका (सही)
२. औषधे देणारे डॉक्टर (सही)
स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी