मशीनला घातलेलं गाऱ्हाणं

जामसंडे,
शनिवार, ता. ९ नोव्हेंबर १९६८

तीर्थरूप दाजी यांस,

मेव्हणा रविकांत याचा नमस्कार. साष्टांग घालणार होतो, पण आईने आत्ताच ओटी सारवली आहे, तेव्हा उभ्यानेच घ्या. इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे दुखतात, पण ते दुखायचे थांबले तर ती बोलणार कशाबद्दल, म्हणून तेही ठीकच म्हणायचं. यशोदाताईचा खोकला कसा आहे, आणि आबांचा दमा (व स्वभाव) कसा आहे, ते कळवा.

तुमचं कार्ड पोचलं. पोस्टमनने सवयीप्रमाणे ते आधी स्वतः वाचलं, मग शेजारच्या गोदूबाईला वाचून दाखवलं आणि मग मला आणून दिलं. त्यामुळे माझ्या हातात पडेपर्यंत अर्ध्या जामसंड्याचं त्यावर मत तयार होतं. तुम्ही लिहिलंय, "आबा गुरुवारी दुसरा स्थळ बगूक बांद्याक जातत. आमच्या प्रेमलतेचा काय ता व्हय की नाय, एका शब्दात कळव. तुजी पत्रां लांब असतत, पण उत्तर नसता." (शाळामास्तर असून तुम्ही मालवणीत लिहिलंत, त्यावरून रागाची डिग्री समजली.) आता एका शब्दात उत्तर देणं मला काही जड नाही. मी बी.ए. आहे, मला पुष्कळ शब्द येतात. पण त्याच कार्डाच्या कडेला तुम्ही बारीक अक्षरात असंही घुसवलंय की, आबा विचारतत, ह्यो मुंबयत नेमको करता काय, आणि दिवाळी होवन गेली तरी रजेर कित्याक? तेव्हा आधी ते सांगून घेतो. सासरा होऊ घातलेल्या माणसाला जावई काय करतो हे माहीत असावं. नंतर कळलं तर धक्का बसतो.

मी कॉम्प्युटरवर आहे. 'वर' म्हणजे त्याच्यावर चढून बसत नाही. एक भली मोठी थंडगार खोली आहे, तीत कपाटांची रांग आहे, कपाटांना तबकडीसारख्या टेपा गरगरतात. ही सगळी कपाटं मिळून एक मशीन. सगळी मुंबई घामाने भिजत असताना आम्ही आत स्वेटर घालून बसतो, कारण मशीनला उकडतं. खोलीच्या मधोमध एक टेबल, त्याला कन्सोल म्हणतात, आणि त्यावर एक टाइपरायटर, जो आपण न हात लावता आपोआप टकटकतो. मी त्यावर एक हुकूम टाइप केला की मशीन जबाब देतं: माझ्या पोटात आत्ता अमुक इतकी कामं जिवंत आहेत, ही त्यांची नावं, आणि हे ती ज्यांनी दिली त्यांची नावं. ती यादी मी वाचतो. एवढीच माझी नोकरी. ह्याला बी.ए. कशाला लागतं असं आबा विचारतील. नाही लागत. पण बी.ए. झालेल्याला दुसरं काही मिळतही नाही.

हेच मी परवा गोदूबाईला समजावून सांगत होतो. ती माशांची पाटी खाली ठेवून पूर्ण ऐकून घेऊन म्हणाली, "म्हणजे तू एका जाग्यार बसान कोण काम करता आणि कोण नाय ता बगतंस? अरे, ता माजी सासू जलमभर करी. तिका कोणी खुर्ची दिल्यान नाय." (मुंबईत दोन वर्षांत माझ्या कामाची इतकी नेमकी व्याख्या कोणी केली नव्हती, पण ते तिला सांगितलं नाही. आधीच ती बांगडे महाग देते.)

पण दाजी, यादी छापणं वेगळं आणि वाचणं वेगळं. यादीत नाव आहे म्हणजे काम जिवंत आहे, चालू आहे असं नाही. तुम्ही रापणीचं जाळं ओढताना बघितलं आहे. किनाऱ्यावर दोन्ही दोऱ्यांना माणसं लागलेली असतात, लांबून बघणाऱ्याला वाटतं सगळे ओढतायत. जवळ गेल्यावर कळतं की एक जण ओढतोय, एक जण विडी पेटवतोय, एक जण दोरीला नुसता टेकलाय, आणि एक जण पुढचा ओढील म्हणून वाट बघतोय. वाटा मात्र सगळ्यांना. आमच्या यादीचं असंच आहे. कुठलं काम ओढतंय आणि कुठलं टेकलंय, हे ओळखता येणं म्हणजे वाचणं. आणि हे ज्याला जन्मात कळलं नाही अशा माणसाला आमचा साहेब केलेलं आहे.

साहेबांचं नाव हरिश्चंद्र. आपल्याच मुलखातले, हे सांगताना मला लाज वाटते. यादीवर नाव दिसलं की काम होतंय, अशी त्यांची श्रद्धा. रोज संध्याकाळी ते याद्या फाडून घेतात, लाल पेन्सिलीने नावं मोजतात, आणि जे नाव सगळ्यात जास्त वेळ दिसेल ते खातं सगळ्यात मेहनती, असा हिशेब मांडतात. एकदा खरेदी खात्याचं एक काम चुकून स्वतःभोवतीच गोल गोल फिरत बसलं, घाण्याच्या बैलासारखं. दिवसभर यादीत. साहेबांनी त्या खात्याला अभिनंदनाचं पत्र पाठवलं. त्या खात्याचे साहेब आभार मानायला चहा घेऊन आले. मी ते काम मारलं तेव्हा साहेब मला म्हणाले, "चांगला काम करणाऱ्याक तू बगूच शकनस नाय." (माझ्या कथा परत पाठवणारे संपादकही मला थोड्याफार फरकाने हेच लिहितात.)

आता रजेचं कारण. दिवाळीच्या आधी पगारपत्रकं छापायचं काम मशीनला दिलं होतं. सकाळी यादी काढली, पगाराचं नाव हजर. साहेब खूश. दुपारी यादी काढली, नाव हजर, पण एक कागद छापलेला नाही. मी म्हटलं, साहेब, हे टेकलंय, चालत नाही. ह्याने मगाशी काहीतरी विचारलं असणार आणि उत्तराची वाट बघत असणार. मागचे कागद चाळू द्या. साहेब म्हणाले, "नाव आसा मां यादीत? मगे? उगाच त्येका डिवचू नको." चहाच्या वेळेपर्यंत सगळ्या खात्यांतले लोक दारात जमले, कारण दिवाळी दोन दिवसांवर आणि पगार मशीनच्या पोटात. तेव्हा साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी मला विचारलं नाही, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला विचारलं नाही. त्यांनी शिपायाला विचारलं, "बाबू, नारळ आसा?"

आमच्या ऑफिसात निम्मी माणसं इकडची. प्रत्येकाने आपापला भाचा आणून चिकटवलेला. त्यामुळे गाऱ्हाणं घालायचं ठरल्यावर कोणी हसलं नाही, उलट भांडण लागलं. गाऱ्हाण्याचा मान कोणाचा? बाबू म्हणाला, गावच्या देवळात मान आमच्या घराण्याचो, तेव्हा हयसरय माजोच. टेपा सांभाळणारा भाई म्हणाला, तुजो मान गावाक. हय मशीनाक पयलो हात माजो लागलो, तुज्या आज्याचो नाय. एवढा मोठा पगार अडलेला आणि हे दोघे मानावरून एकमेकांच्या आज्यापर्यंत पोचले. शेवटी साहेबांनी तोड काढली: गाऱ्हाणं बाबूने घालायचं, नारळ भाईने फोडायचा. पूजेचं ताट ठेवायला सपाट जागा नव्हती, म्हणून ते टाइपरायटरच्या मागे साचलेल्या कागदांच्या ढिगावर ठेवलं. मी त्याच कागदांसाठी हात पुढे केला, तर साहेबांनी हातावर चापट मारली. उष्ट्या हाताने देवाच्या ताटाला शिवतो म्हणून. (चहाबरोबर बिस्किट खाल्लं होतं, हे खरं.)

मग बाबूने सूर लावला. "बा देवा म्हाराजा, ह्या मशीनात जो कोण बसलो आसात, जुन्यान ऱ्हवलेलो, नव्यान इललो..." आणि सगळे, "व्हय म्हाराजा." "ह्या लेकरांचो पगार जो अडलो आसा, तेच्या वाटेत कोणी वायट नजरेचो खुटो मारलो आसात, तर तो उपटून समुद्रात घाल रे म्हाराजा." "व्हय म्हाराजा." दहा-बारा पुरुष स्वेटर घालून, चपला बाहेर काढून, एका टाइपरायटरपुढे हात जोडून उभे. त्यात तंजावरकडचा आमचा प्रोग्रॅमरही होता. मशीन काय विचारू शकतं हे ठाऊक असलेला मुंबईतला तो एकटा माणूस, आणि तोसुद्धा डोळे मिटून 'व्हय म्हाराजा' म्हणत होता, मराठीचा एक शब्द येत नसताना.

नारळ फोडायला सगळे बाहेरच्या बोळात गेले, आत पाणी सांडायला बंदी म्हणून. जाताना ताट घेऊन गेले. ताटाखालच्या कागदावर, कुंकवाच्या बोटांमध्ये, सकाळीच छापलेली मशीनची ओळ होती. पगाराच्या कामासाठी चढवलेली टेप जुन्या तारखेची दिसते, तीच वापरू का? व्हय की नाय ते कळवा. बस. टेप बरोबर होती, तारखेची चिठ्ठी तेवढी जुनी राहिली होती, ते मी पडताळून पाहिलं. आणि होकाराचं एक अक्षर टाइप केलं.

बोळात नारळ फुटला आणि आत टेपा फिरल्या. दोन्ही एकदम झालं, हे माझं दुर्दैव. "पावलो, पावलो" करत सगळे आत आले. साहेबांनी कपाटाला डोकं टेकलं. मी त्यांना कागद दाखवला, बोट ठेवून दाखवला. त्यांनी तो वाचला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "देवान तुझ्या हातान करून घेतल्यान, रविकांत. तू भाग्यवान." इथे गप्प बसणारा माणूस पुढे साहेब होतो. मी म्हणालो की सकाळपासून ते बिचारं एवढंच विचारतंय, व्हय की नाय. तुम्ही दहा-बारा जण घसा फोडून 'व्हय' ओरडलात, पण जो विचारत होता त्याला एकानेही सांगितलं नाही. आणि तुमच्या देवाला टाइपिंग येत असतं तर मला नोकरी कशाला दिली असतीत?

तर म्हणून मी रजेवर आहे. साहेबांचा हुकूम असा की डोकं थंड होईपर्यंत गावी राहायचं, आणि येताना ग्रामदेवतेचा अंगारा आणून मशीनला स्वतःच्या हाताने लावायचा, तरच खुर्ची परत. नाहीतर ती भाईला. आबांना हे सगळं सांगा. लपवून ठेवण्यासारखं ह्यात काही नाही, अभिमान बाळगण्यासारखंही नाही.

आता बांद्याबद्दल. तो गुरुदास म्हणजे भुसारी दुकानवाला ना? मी त्याला बघितलंय. सकाळी गादीवर बसतो तो रात्रीच उठतो, मधे गिऱ्हाईक आलं तर मान हलवतो. आमच्या साहेबांच्या यादीत असता तर अभिनंदनाचं पत्र मिळालं असतं. मी काही त्याची निंदा करत नाही (करतोय, पण कमी). लग्न ह्या प्रकाराबद्दल माझी मतं तुम्हाला माहीत आहेत. तुमच्या घरची बहीण आमच्याकडे, आमची तुमच्याकडे, हे साटंलोटं म्हणजे दोन पोस्टांनी एकच पाकीट एकमेकांना पाठवत राहण्यासारखं आहे. प्रेमलता तर माझी ती बिनपूर्णविरामाची कथा वाचलेली एकुलती एक वाचक. चतुर्थीला तुमच्या माजघरात मोदकाचं सारण ढवळत तिने मला ऐकवलं होतं, "वाचताना दम लागलो. पूर्णविराम काय रेशनवर मिळतत?" अशा मुलीबरोबर संसार म्हणजे रोज परीक्षा.

असो. लिहायचं तेवढं लिहून झालं. ताईला माझी आठवण सांगा, आबांना नमस्कार, आणि पत्र लांब झालं म्हणून रागावू नका. तुम्हीच विचारलंत.

तुमचा,
रविकांत

ता. क. पाकीट बंद करत होतो तेवढ्यात गोदूबाई कुंपणावरून विचारते, "उत्तर बरयलंस?" म्हणून पत्र पुन्हा वाचलं. त्यात रापण आहे, नारळ आहे, बाबूचा आजा आहे. उत्तर नाही. तर उत्तर असं: व्हय. हा शब्द आबांना वाचून दाखवा, नंतरच तो बांद्याचा विषय काढा.

आणखी ता. क. (रविवार.) आईने मला न सांगता देवळात कौल लावला. उजवं फूल पडलं, म्हणजे देवाचाही होकार, म्हणून सकाळपासून गूळ वाटतेय. वर दिलेला शब्द त्याच्या आधी लिहिलेला आहे, हे कृपया लक्षात असू द्या. अंगाराही तिने पुडीत बांधून दिलाय. तो मी ट्रंकेत ठेवला, मशीनसाठी. (चिमूटभर खिशात आहे. खिसा फाटका नाही, तपासलाय.)

शेवटचा ता. क. खरं मागणं हे, बाकीचं फाडून टाकलंत तरी चालेल. सहा महिने प्रेमलतेचं नाव सगळ्यांच्या यादीत आहे. आबांच्या, ताईच्या, माझ्या आईच्या, आता बांद्याच्याही. आपण सगळे हात जोडून 'व्हय म्हाराजा' म्हणतोय. तिला कोणी विचारलंय का? मीही नाही विचारलं. तेव्हा गुरुवारच्या आधी, आबांसमोर नव्हे आणि ताईच्या तोंडून नव्हे, तर तुम्ही स्वतः तिला विचारा, आणि सोबतचं कोरं कार्ड तिच्या हातात द्या. पत्ता मी लिहून ठेवलाय. 'तां व्हय म्हणता' असं तुम्ही कळवू नका, तिच्या हातचं हवं. एक अक्षर पुरे, मशीनलाही तेवढंच पुरतं. 'नाय' असेल तर तेही तिनेच लिहावं, आणि मग बांद्याबद्दलही आधी तिलाच विचारावं. पोस्टमन ते कार्ड गोदूबाईला अगोदर वाचून दाखवणार, त्याला इलाज नाही. तोवर मी ओटीवर बसून आहे. कोणी चौकशी केली तर सांगा, रविकांत यादीत जिवंत आहे. चालू नाही.