दाजी येण्याआधी गच्चीवर जा

अहो,

आज बारावीची प्रॅक्टिकल आहेत, मी सहाशिवाय येत नाही. दाजी पाच वाजता सोलरचा अर्ज घेऊन येतील. त्याआधी, चारला, एकदा गच्चीवर जा. शेजाऱ्यांच्या नव्या टाकीची सावली मी खडूने आखून ठेवली आहे. दाजींनी जागा पाहिली ती भर दुपारी, तेव्हा ही सावली आपल्याकडे नसतेच. एका पॅनलवर सावली आली तरी सगळ्या ओळीची वीज घटते. काल हेच सांगत होते, तर दाजी म्हणाले, “वहिनी, हा शाळेतला प्रयोग न्हाई,” आणि तुम्हीही हसलात.

त्यांचं कोटेशन नेवाशाच्या सोलरवाल्यापेक्षा पंधरा हजारांनी कमी दिसतं, कारण पॅनल उंच बसवायचा सांगाडा त्यात धरलेलाच नाही. इन्व्हर्टर कोणत्या कंपनीचा, तेही लिहिलेलं नाही. नेवाशाच्या माणसाने त्याच्या कोटेशनमध्ये दोन्ही लिहून दिलं आहे.

घरच्या जावयाला नाही कसं म्हणायचं, हेच तुमचं चाललं आहे. जावयाचा मान चहा-पोह्यांनीही राखता येतो, त्यासाठी अख्खी गच्ची द्यायला नको. तरीही जड जात असेल, तर मीटर माझ्या नावावर आहे, अर्जावर सही माझीच लागते. वहिनी सही करत नाही, असं खुशाल सांगा.

शैलजा