कान बांधून पळणाऱ्या

प्रिय नंदू,

फोन केला की तुझ्या सासूबाई स्पीकर लावायला सांगतात, म्हणून कागद घेतला. आईनं दिलेल्या डिंकाच्या लाडवांखाली ठेवलाय. एकटी असशील तेव्हाच वाच.

तू आणि मोनाली बाळंतपणानंतर पुन्हा पळायला लागलात, हे मला तुझ्या आधी दूधवाल्यानं सांगितलं. मी हातगाडीपासून शहागडच्या फाट्यावर हॉटेल उभं केलं ते नुसत्या चहावर न्हाई, कानांवर. भट्टीपाशी उभं राहिलं की कोण काय बोलून राह्यलं ते बराबर ऐकू येतं. दूधवाला म्हणाला, "तातेराव, तुमची पोरगी अंधारात पळती. संगं तिची मैत्रीण. दोघी लेकुरवाळ्या! कुणाचं काय चोरलं म्हनावं?" सगळे हसले. मी म्हणलं, "पोलीस होनारेत दोघी. पहिला तुलाच धरतील, दुधात पानी घालतो म्हणून." लई बरं वाटलं गं. लग्नाआधी भरतीचं ग्राउंड थोडक्यात हुकलं तेव्हा तू जेवली नव्हतीस, ते मी विसरलो न्हाई.

सासूबाईंनी परवानगी दिली ती दोन अटींवर, हेही कळलं. उजाडायच्या आत घरी यायचं, सून पळताना गावाला दिसायला नको. आणि कानात कापूस घालून वरून स्कार्फ गच्च बांधायचा, बाळंतिणीच्या कानात वारं शिरायला नको. तुझी आईही तेच म्हणते. माया आहे ती, मी हसत न्हाई.

पण नदीकडं चोरीच्या वाळूच्या गाड्या त्याच वेळेला जा-ये करतात. दिवे बंद. उताराला इंजिनही बंद करतात, कुणाला चाहूल लागू नये म्हणून. मागच्या आठवड्यात एक ड्रायव्हर चहा पिताना दुसऱ्याला सांगत होता, "पुढं दोन बाया. पार जवळ गेलो तरी हलंनात. बहिऱ्या हायेत का काय?" दुसरा म्हणाला, "हॉर्न मारायचा." "अन् गाव उठवू? शेतात घातली गाडी. दर खेपेला थोडीच घालीन." मी किटली खाली ठेवली. म्हणलं, त्यातली एक माझी पोरगी हाय. दोघं पैसे ठेवून गेले. तेव्हापासून एकही गाडी माझ्याकडं थांबत न्हाई. आता ते काय बोलतात, मला कळत न्हाई.

घरी सांगितलं तर तुझं पळणं त्याच दिवशी बंद होईल, म्हणून तिथं बोललो न्हाई. आज पहाटे उताराच्या वळणावर येऊन उभा राहिलो. तुम्ही दोघी हसत पुढून गेलात. मी "नंदू" म्हणून ओरडलो, दोनदा. दोघींनीही मागं पाह्यलं न्हाई. तेवढ्यात वरून गाडी आली, नुसती टायरांची कुजबुज. मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. हातभर अंतरावर थांबली. ड्रायव्हर खाली उतरला न्हाई. खिडकीतून डोकं काढून गोडीत म्हणाला, "तातेराव, रोज उभे राह्यनार का?" म्हणून हे लिहिलं, पोरी. घरातून कान बांधूनच निघ, पण गाव मागं पडलं की सोड, कापूसही काढ. मोनालीलाही काढायला लाव. वाऱ्याचं दुखणं आपण निस्तरू. उद्या मी वळणावर आहे. पण त्याला आता माहीत झालंय, मी कुठं उभा राहतो ते.

तुझाच,
आबा