कानांची परीक्षा

३ नोव्हेंबर
डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लांबवलं तर उरलंसुरलं ऐकणंही जाईल. सरकारी आरोग्य विम्यात बसेल, पण आधी बहिरेपणाचं सर्टिफिकेट लागेल. पुढच्या सोमवारी हिंगोलीला तपासणी.
मला तसं सगळं ऐकू येतं. समोरच्याचं तोंड दिसलं की झालं. तरी सरकारी काम आहे, प्रामाणिकपणे करायचं. अभ्यास अजिबात करायचा नाही.

५ नोव्हेंबर
थोडा अभ्यास केला. धाकटा भाऊ रत्नपाल मागून तांब्या वाजवतो, मी हात वर करते. सगळे बरोबर! तो समोर येऊन म्हणाला, तायडे, तू तर कुत्र्याचे कान पाहून राहिली. निरीक्षण म्हणजे कॉपी नव्हे. तरी उद्या कुत्रा बाहेर.

६ नोव्हेंबर
कुत्रा बाहेर. एकही बरोबर नाही. थंडी फार आहे.

१० नोव्हेंबर
काचेची खोली. कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. बराच वेळ आवाज आलाच नाही. मशीन बिघडलं असणार, पण सांगितलं तर तिथल्या ताईंना वाईट वाटेल. मग काचेतून दिसलं, आवाज सोडताना ताईंचा खांदा हलतो. तेव्हा तेव्हा दाबलं. फसवणूक नाही, मशीन नीट असतं तर ऐकू आलंच असतं. ताई म्हणाल्या, इतका चांगला रिझल्ट लई दिवसांत न्हाई पाहिला.
घरी बाळापूरपर्यंत एसटीत हसतच आले.

१२ नोव्हेंबर
रिपोर्ट आला. दोन्ही कान नॉर्मल. फ्रेम करायचा विचार होता, पण पद्माआत्याने कपाळावर हात मारला. कान नॉर्मल तर विमा कशाचा अन् ऑपरेशन कशाचं? काहून दाबलं बटण, पल्लवे? मी म्हणाले, आत्या, चौथीपर्यंत तूच घरी शिकवलंस ना, उत्तर कोरं सोडायचं नाही म्हणून? रत्नपाल हसून हसून खाली बसला.

१७ नोव्हेंबर
आत्या डॉक्टरांशी भांडून आली. आता दुसरी तपासणी. हिच्यात बटण नाही. डोक्याला वायरी लावून झोपायचं, उत्तरं मेंदू परस्पर देतो. हे मला पटलेलं नाही. मेंदूला समजावून सांगितलं आहे.

२१ नोव्हेंबर
गाढ झोप लागली. मेंदूने काही ऐकलं नाही, माझंसुद्धा.
बासष्ट टक्के बहिरी. सर्टिफिकेट मिळणार, विमा मिळणार, ऑपरेशन होणार. आयुष्यात पहिल्यांदा नापास झाले, तेही झोपेत. आणि आत्या गल्लीत पेढे वाटून राहिली. आमची पोरगी बहिरी निघाली, असं म्हणे पार चौकापर्यंत ऐकू गेलं. मला रत्नपालने लिहून दाखवलं.
रिचेकिंगचा अर्ज करता येतो का, एवढंच विचारलं, तर त्याने पेन काढून घेतलं.
हे पेन्सिलीने लिहिते आहे.